हातकामात पैकीच्या पैकी

माझा धाकटा हल्ली माझ्याशी सभेत बोलल्यासारखं बोलतो. भट्टीवर येतो, कालवलेल्या मातीच्या गाऱ्याच्या कडेला उभा राहतो, पँट दोन बोटांनी वर धरतो आणि सांगतो की श्रमाला आता शिक्षणात मानाचं स्थान मिळालेलं आहे. अरे, तो मान ज्याला मिळाला तो तुझा भाऊ समोर गुडघाभर चिखलात उभा आहे, डोक्यावर घमेलं आहे, त्याला आधी वाट तर दे. पण नाही. याचं लक्ष फोनकडे. दादा, जरा उजेडाकडे तोंड कर, म्हणतो. आणि माझा मोठा तसं करतो. जन्मभर त्याने धाकट्याचं ऐकलं, कारण धाकटा शिकला आणि तो राहिला. मी धाकट्याला मास्तर म्हणते. पूर्वी कौतुकाने म्हणायचे. आता कशाने म्हणते ते त्यालाही कळतं, पण दाखवत नाही.

आमचं काम विटांचं. नवरा गेल्यापासून भट्टी मी चालवते. मोठा माती कालवतो, त्याची बायको थापते, आणि त्यांची मुलगी बारकी शाळेच्या आधी आणि शाळेच्या नंतर जे पुढ्यात येईल ते करते. बारकी आठवीत. मास्तर गावच्या शाळेत शिकवतो, शाळेजवळ वेगळा राहतो. त्याचा मुलगाही आठवीत, बारकीच्याच वर्गात. त्याला मी ढेकळ्या म्हणते, कारण रांगायला लागला तेव्हापासून माझ्याकडे आणला की पहिली मूठ मातीची. त्याच्या आईला हे नाव अजिबात आवडत नाही. म्हणून तर सुटत नाही.

त्या हंगामात आभाळाने आम्हाला छळलं. ऊन पडायच्या दिवसांत ढग येऊन बसले. पडत नव्हते आणि हलतही नव्हते. वीट थापली की आडवी वाळते, कातडी धरली की कडेवर उभी करायची, मग मधे बोटभर जागा सोडून रचायची म्हणजे आतून वारा फिरतो, आणि पार कोरडी झाली की भट्टीत. इथे आडवी केलेली उभीच करता येईना. अंगठा दाबला की ठसा उमटायचा. मी सकाळपासून ओळींमधून फिरायचे, ही दाब, ती दाब. सून म्हणायची, आई, बसा जरा. बसून काय करू? बसले की आभाळ दिसतं.

त्यातच शिक्षणातली ही सुधारणा आली. सगळ्या देशाला एकच, वरून. मास्तरने आम्हाला अंगणात बसवून समजावून सांगितलं होतं. पुस्तकांचं ओझं कमी होणार. आठवड्यातला एक दिवस दप्तराशिवाय, त्या दिवशी मुलांनी गावातल्या कामाच्या ठिकाणी जाऊन हाताने शिकायचं. हातकामाला गणिताइतकेच गुण. आणि नववीपासून दोन वाटा, एक अभ्यासाची शाखा आणि एक कामाची. कामाच्या शाखेची मुलं निम्मा दिवस शाळेत, निम्मा दिवस कामावर. आमच्या गावात हातकाम शिकायचं ठिकाण म्हणून त्याने आमची भट्टी निवडली होती.

खरं सांगते, मला आवडलं. नुसतं आवडलं नाही, मी फुगले. मला दुसरीतून काढून साचा हातात दिला होता. जे काही दिवस शाळेत गेले त्यातले निम्मे दाराबाहेर उभी होते, पाय चिखलाचे म्हणून. आणि आता तीच शाळा माझ्या अंगणात येणार, मला खुर्ची देणार आणि पोरं मला विचारणार, आजी, हे कसं करायचं? मी मोठ्याला सांगून साचे घासून घेतले. सुनेला म्हटलं, बघ, एवढी वर्षं लोक नाक मुरडत होते ते काम आता पुस्तकात गेलं.

पोरं आली. दुकानदाराचा मुलगा सहलीला आल्यासारखा आला, आईने वेगळे कपडे पिशवीत घालून दिले होते. त्याने चिखल दोन बोटांत धरला, हसला, फोटो काढून घेतला आणि सावलीला जाऊन बसला. मजुरांची पोरं मात्र तोंड पाडून उभी. त्यातली एक मला म्हणाली की हे आम्ही सकाळी घरचं करूनच आलोय, शाळेतही हेच असेल तर झोपलो असतो. दुसऱ्या एकीला मजा वाटत होती, कारण वहीत उतरवून घ्यायचं नव्हतं आणि कुणी ओरडत नव्हतं. सगळ्यांची तऱ्हा वेगळी.

ढेकळ्याचं काय सांगू. वर्गात म्हणे तो खिडकीतून बाहेर बघत बसतो. इथे आला आणि त्याला तोंड फुटलं. माती किती भिजवायची, राख का घालायची, कोपरा का तुटतो. त्याची पहिली वीट साच्यातून निघताना मोडली. पोराने तोंड वाकडं केलं नाही. गोळा परत गाऱ्यात टाकला, साचा धुतला, राख भुरभुरवली आणि पुन्हा. आणि पुन्हा. घरी न्यायला त्याची आई आली तेव्हा तो ओढून नेल्यासारखा गेला.

आणि बारकी. ती न बघता थापायची. हात चालू आणि ओठ हलतायत. मी जवळ गेले तर कसले तरी आकडे पुटपुटत होती. मी चेष्टेने म्हटलं, चिखलाची लाज वाटते का गं तुला? तिने मान वर केली नाही.

"लाज नाही आजी. घरी चिखल, इथे चिखल. शाळा तेवढी एकच जागा होती जिथे माझे हात कोरडे असायचे. काकाने तीही इथेच आणून ठेवली."

मला थोबाडीत बसल्यासारखं झालं. ज्या चिखलावर तीन पिढ्या जगल्या त्याच्याबद्दल असं बोलते. दिवसभर मी तिच्याशी बोलले नाही, आणि तिला ते कळलंसुद्धा नाही.

मुलांबरोबर नवीन बाई यायच्या, शाळेतल्या धाकट्या शिक्षिका. पोरगीच ती. विटांच्या चवडीवर टेकायची आणि माझ्याजवळ मन मोकळं करायची. तिला हे आवडतं, म्हणाली. वर्गात कधी न बोलणारी मुलं इथे बोलतात. पण अभ्यासक्रम तेवढाच राहिलाय आणि दिवस कमी झालेत. पुढच्या मोठ्या परीक्षेत वीट कशी थापायची ते कुणी विचारणार नाही, बीजगणितच विचारणार, ते तिने कधी शिकवायचं? प्रशिक्षणात तिने हे विचारलं तर वरचे म्हणाले, बाई, सकारात्मक राहा. तेव्हापासून ती सकारात्मक राहते आणि रविवारी तास घेते.

मोठे गुरुजी म्हणजे शाळेचे मुख्य. निवृत्तीला आलेले. त्यांचं मत विचारलं तर हसले. त्यांनी अशा कितीतरी सुधारणा पाहिल्यात म्हणे. फळा आधी काळा होता, मग हिरवा झाला, मग पांढरा झाला, खडू मात्र कधी वेळेवर आला नाही.

एकटा माझा मास्तर तेवढा पेटलेला. त्याला खरोखरच वाटत होतं की यातून काहीतरी होईल. सकाळ-संध्याकाळ धावायचा, स्वतःच्या खिशातून साचे आणायचा. ते मी नाकारत नाही.

मग वरून साहेबबाई येणार ठरलं, हातकामाचा वर्ग बघायला. मास्तरला घाम फुटला. आदल्या दिवशी त्याने पोरांना लावून थापलेल्या विटांची भिंत रचून घेतली, खुर्च्यांच्या मागे, फोटोत दिसेल अशी. वीट विटेला चिकटवून. मधे जागा सोडली तर चित्र बरं दिसत नाही म्हणे. मोठा तेवढंच म्हणाला की अजून ओल्या आहेत. तर हा म्हणतो, दादा, उद्यापुरतंच, नंतर सोडवून घेऊ. त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. याच अंगणात वाढलाय तो, याने ओली वीट रचली म्हणून बापाचा मार खाल्लाय. ठाऊक असून केलं.

साहेबबाई आल्या. बाई साध्या होत्या. बूट काढून गाऱ्यात उतरल्या, एक वीट स्वतः थापली, ती वाकडी झाली तर मनापासून हसल्या. मला खुर्चीवर बसवलं आणि स्वतः उभ्या राहिल्या. मग मुलांना विचारू लागल्या की तुम्हाला यातून काय मिळालं. दुकानदाराच्या मुलाने पाठ केलेलं म्हणून दाखवलं, श्रमाची प्रतिष्ठा वगैरे, हात मागे बांधून, नखात मातीचा कण नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग त्या बारकीकडे वळल्या. तिचे हात कोपरापर्यंत माखलेले. मास्तर पुढे झाला आणि म्हणाला की ही माझी पुतणी, हातकामात हिला पैकीच्या पैकी गुण आहेत. साहेबबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. छान, म्हणाल्या, सर सांगत होते की नववीला कामाच्या शाखेत जायचं तू स्वतःच्या इच्छेने ठरवलंस. या गावची पहिली विद्यार्थिनी तू.

बारकीने त्यांच्याकडे पाहिलं नाही, मास्तरकडेही नाही. बापाकडे पाहिलं. मोठा घमेलं घेऊन उभा होता, त्याने मान खाली घातली. तेव्हा मला कळलं की त्याला माहीत होतं.

"मला बीजगणित घ्यायचंय," बारकी म्हणाली. फार हळू. पहिल्या ओळीला ऐकू गेलं असेल नसेल. मास्तर हसला, जरा लाजते म्हणाला, आणि टाळ्या सुरू झाल्या. मीही खुर्चीवर होते. माझेही हात एकदा एकमेकांवर आपटले, सवयीने.

गाडी गेली. संध्याकाळी हवा आणखी दमट झाली आणि भिंत बसली. आवाज नाही, काही नाही, नुसती खालची ओळ वरच्या वजनाने पसरली, पोट सुटल्यासारखी, आणि तिच्यावरची तिच्यात रुतली. सोडवायला गेलो तर वेगळी वीटच हाताला लागेना. सगळं परत गाऱ्यात घालावं लागणार होतं. एवढ्या दिवसांचं थापलेलं. फावडं मोठ्याने घेतलं. बारकी गाऱ्यात उतरली आणि तुडवायला लागली. तुडवतानाही माणसाचं मन दिसतं. एरवी ती हलक्या पायाने नाचल्यासारखी तुडवते. त्या दिवशी टाच अशी आपटत होती की चिखल तिच्या केसांपर्यंत उडत होता. रडली नाही. मी म्हटलं, पुरे आता. थांबली नाही.

सुनेने साचा पाण्यात बुडवून स्वच्छ धुतला आणि भिंतीशी पालथा ठेवला. ही बाई माझ्यासमोर कधी मान वर करून बोललेली नाही.

"आई, मी उद्यापासून थापणार नाही."

मी विचारलं, का?

"पोरीला अभ्यास असतो म्हणून तिच्या वाटणीचंही मी थापत होते. आता कुणासाठी थापू?"

मोठ्याने तेव्हा तोंड उघडलं. मास्तर त्याच्याकडे आला होता. कामाच्या शाखेत सुरुवातीला निदान एक मूल तरी दाखवावं लागतं, म्हणाला, मूल मिळालं नाही तर शाखा मंजूर होणार नाही, आणि शाखा नाही तर नववी-दहावीचे वर्गच शहरातल्या शाळेत जातील. मग गावातल्या मुलींना तिकडे कोण पाठवणार? सगळ्यांचं शिक्षण आठवीला संपेल. मोठा म्हणाला, तू म्हणशील तसं. एवढंच. पोरीला विचारलं नाही, बायकोला विचारलं नाही, मला तर नाहीच. मी त्याला चार शब्द सुनावणार होते, पण त्याचा चेहरा बघून गिळले. त्याला पोरीकडे बघता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भट्टीवर माझं चित्त लागेना. विटा दाबल्या, राखेचा ढीग उगीच इकडचा तिकडे केला, शेवटी हात धुतले आणि शाळेत गेले. मास्तरशी भांडायचं हे ठरवून गेले होते. त्याचा तास चालू होता, म्हणून व्हरांड्यातल्या बाकावर बसले. दार उघडं होतं.

आतमध्ये फळ्यापाशी ढेकळ्या उभा होता. हातात खडू. बापाने घातलेलं गणित समोर आणि पोरगा नुसता उभा. मागून कुणीतरी हसलं. त्याचे कान लाल झाले. मास्तर थंड आवाजात म्हणाला, बैस. एवढंच. पोरगा बसला, आणि मी पाहिलं, बाकावर खडूची भुकटी पडली होती ती तो बोटाने गोळा करत होता, कडा सारख्या करून चौकोन करत होता. मागच्या बाकावर बारकीचा हात वर होता. तिला मास्तरने विचारलं नाही. तिच्याकडे बघितलंच नाही त्याने.

मोठे गुरुजी बाहेर आले, मला ऑफिसात नेलं, चहा मागवला. मी सरळ विचारलं की सगळ्या वर्गात तुम्हाला माझीच नात सापडली का? गुरुजी चष्मा पुसत बसले. मग म्हणाले की खरं तर कामाच्या शाखेत जायला हात वर केला होता तो मास्तरांच्या मुलाने. भर वर्गात. मास्तरांनी तो हात खाली करायला लावला. आता तुम्हीच बघा, गुरुजी म्हणाले, मास्तरांचाच मुलगा विटा थापायला, गाव काय म्हणेल?

मी चहा तसाच ठेवला.

मास्तर संध्याकाळी आला. त्या दिवशी पहिल्यांदा वारा सुटला होता, ढग तुटत होते, आणि आम्ही नव्याने थापत होतो. सून नव्हती, ती दारात बसून होती. तिच्या जागी मी बसले होते. पाठ मोडली होती माझी, पण ते त्याला दाखवणार नव्हते. ढेकळ्याही त्याच्याबरोबर आला होता, आल्या आल्या मोठ्याच्या बाजूला जाऊन राख चाळायला लागला.

मास्तर म्हणाला, भिंतीचं चुकलं. विटांची भरपाई करतो. मी म्हटलं, विटांचं राहू दे. मग त्याने सुरुवात केली. आई, तू समजून घे. ही शाखा वाचली तर गावातल्या वीस घरच्या मुली दहावीपर्यंत जातील. कुणीतरी पहिलं जायला लागतं. दुसऱ्याच्या पोरीला मी कोणत्या तोंडाने सांगू? म्हणून घरचंच मूल दिलं. बारकी हुशार आहे, ती कुठेही निभावून नेईल. आणि आई, तूच तर म्हणत होतीस ना की या कामाला आता मान मिळाला?

तो खोटं बोलत नव्हता. हीच तर अडचण होती. मुलींचं त्याचं म्हणणं मला पटत होतं. मी थापत राहिले. साचा भरला, वरचा चिखल हाताने कापला, उलटा केला, उचलला. बारकी पलीकडे वही घेऊन बसली होती, उघडी वही, पण पान उलटत नव्हतं. ती ऐकत होती. मोठाही ऐकत होता. ढेकळ्याची चाळणी थांबली होती.

मी विचारलं, घरात मुलं किती? तो म्हणाला, म्हणजे काय? मी म्हटलं, आठवीत आपल्या घरची मुलं किती?

त्याने ढेकळ्याकडे पाहिलं. मग म्हणाला की आई, त्याचं वेगळं आहे. त्याची आई ऐकणार नाही. मी शिक्षक आहे, लोक बोट दाखवतील, म्हणतील मास्तरला स्वतःचं पोर शिकवता आलं नाही. त्याचं गणित कच्चं आहे, पण मी घेईन करून. दोन वर्षं आहेत. आणि हे बोलताना त्याचा आवाज सभेतला राहिला नाही. लहानपणी मार खाऊन आला की जसा बोलायचा तसा झाला. मला वाईट वाटलं. पण मी उठले. गुडघ्यांनी कुरकुर केली, हात चिखलाचे होते, तसेच राहू दिले.

"ऐक मास्तर. ही भट्टी माझी आहे. तुझा कामाचा वर्ग इथे भरतो तो मी भरू देते म्हणून. उद्यापासून त्यात ढेकळ्या येईल, कारण त्याला यायचंय, आणि मी त्याला असा कारागीर करीन की तुझ्या साहेबबाई पुन्हा बघायला येतील. बारकी बीजगणिताला बसेल. तुझी शाखा वाचते, गावच्या मुलीही शिकतात. मूल एकच हवं होतं ना तुला, ते तुझ्याच घरात होतं."

तो म्हणाला, "आई, लोक काय म्हणतील..."

"हे काम माझ्या नातीला चालतं आणि तुझ्या मुलाला कमीपणाचं, मग मान कसला सांगत होतास मला? खुर्चीवर बसवून? तुझी सुधारणा बरी की वाईट ते मला कळत नाही, तेवढी मी शिकले नाही. हल्ली तुमच्याकडे कुणाला नापास करत नाहीत म्हणे. मी करते. मास्तर म्हणून तू असशील चांगला. काका म्हणून तू नापास झालास. आता त्या पोरीपाशी जा आणि तिला तू स्वतः सांग. मी सांगणार नाही."